चार कॉम्प्युटरांची केबल आणि शिवादादा

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडण्याआधी शिवादादा दोन गोष्टी करायचा. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी शर्टाच्या आतून पाठीवर सरकवायचा आणि खिडकीच्या लोखंडी गजाला क्षणभर हात लावायचा. डबी आत कुठे टेकू नये, आणि अंगातली वीज गजात उतरावी, एवढाच त्यामागचा हेतू. आम्हाला मात्र वाटायचं, तो आधी नमस्कार करतो. आमच्यातला मुजीब तर कितीतरी दिवस खिडकीला सलाम ठोकूनच मशिनकडे वळायचा. शेवटी शिवादादाच वैतागला. "काय करायलास बे खिडकीला?"

"तुमी करता म्हनून," मुजीब म्हणाला.

शिवलिंग हालगे हे त्याचं पूर्ण नाव. तो बीडमध्येच आहे. मीही बीडमध्येच आहे. धोंडीपुऱ्यात त्यांच्या किराणा दुकानावरून कॉलेजला जायचा रस्ता मला जवळचा पडतो, तरी दीड वर्षापासून मी नदीकडून वळसा घेऊन जातो. का जातो ते मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. म्हणून लिहून बघतो आहे.

मी चकलांब्याचा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय घेतला, तो घेऊ नको असं सांगणारं कुणी नव्हतं म्हणून. कॉलेजात कॉम्प्युटर काचेच्या दाराआड होते. महिन्यातून दोनदा, चपला बाहेर काढून, आठ जणांत एक मशिन मिळायचं. पुढचा मुलगा बटणं दाबायचा आणि मागचे सात त्याची मान बघायचे. कुणीतरी सांगितलं, हालगेंच्या दुकानाच्या वर एक क्लास आहे, तिथं हात लावू देतात.

खरंच लावू देत होते. पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि बसूनच राहिलो. शिवादादा दुसऱ्या मशिनशी काहीतरी करत होता. थोड्या वेळाने त्याने मान वळवली.

"कावून बसलास?"

"बटण दाबू का?"

"दाब की. जळलं तर माझं जळंल."

तो तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेला. अंगाने किरकोळ. बोटांना सोल्डरिंगचे डाग. बोलायचा हळू, पण एका शब्दाची त्याला चीड होती. 'आपोआप'. कुणी म्हणालं, "दादा, हे आपोआप बंद झालं," की तो हातातलं काम ठेवायचा. "आपोआप फक्त आमच्या अप्पाला झोप लागती. बाकी कायबी आपोआप व्हत न्हाई. काय दिसलं ते सांग. काय झालं ते मी बघतो."

त्याचं शिकवणं म्हणजे एवढंच होतं. काय दिसलं ते सांग. पडदा काळा झाला की निळा? आवाज आधी आला की नंतर? तुझा हात कुठं होता? आपण म्हणायचं, "हँग झालं." तो म्हणायचा, "ते नाव झालं. दिसलं काय?" आणि आपण सांगू त्यावर तो पूर्ण विश्वास ठेवायचा. सांगितलेलं तो परत तपासायचा नाही. तिथून पुढे निघायचा.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, येईल त्याला नमस्काराऐवजी "शरणार्थ" म्हणायचे आणि तेवढ्यात तो गिऱ्हाईक आहे की वर जाणारा आहे हे ओळखायचे. वर जाणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. त्यांना ती खोली हवी होती. अधूनमधून ते जिना चढून यायचे, दारात उभे राहून भिंतीपासून भिंतीपर्यंत नजर फिरवायचे. इथं साखरेची किती पोती बसतील याचा अंदाज घेत असावेत. बापलेकांचं ठरलेलं होतं आणि ते दोघेही आमच्यासमोर मोकळेपणाने बोलायचे. पुण्याची एक संस्था गावोगाव कॉम्प्युटर कोर्सची केंद्रं देत होती. ते केंद्र मिळालं तर खोली शिवादादाची. नाही मिळालं तर गुढीपाडव्याला मशिनं विकायची आणि त्याने खाली गादीवर बसायचं.

"मला काय हौस न्हाई त्याला बशिवायची," अप्पा एकदा मला जिन्यात म्हणाले. "पण माझे गुडघे गेले. दुसरं हाय कोण?"

केंद्रासाठी त्या संस्थेची एक अट होती. सगळी मशिनं एकमेकांना जोडलेली पाहिजेत. शिवादादाने औरंगाबादहून काळ्या केबलचं बंडल आणलं, केबल लावायला मशिनात बसवायची कार्डं आणली, आणि चार मशिनं एका ओळीत जोडली. एका मशिनपासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, अशी एकच केबल भिंतीच्या कडेने फिरवलेली. पहिल्या आणि शेवटच्या टोकाला एकेक छोटी धातूची टोपी. ती टोपी कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "विहिरीत वरडलास तर आवाज परत येतो का न्हाई? केबलचं टोक मोकळं सोडलं तर तसंच व्हतं. एकाचं बोलणं परत येतं अन् दुसऱ्याच्या बोलण्यात घुसतं. टोपी ते गिळून टाकती."

एकदा एक टोपी हरवली. नवी आणायला औरंगाबादला जावं लागलं असतं. त्याने रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून शंभर ओहमचे दोन रेझिस्टर आणले, शेजारी शेजारी ठेवून एका जुन्या कनेक्टरच्या पोटात सोल्डर केले. टोपी पन्नास ओहमची लागते, आणि दोन शंभर शेजारी बसले की पन्नास होतात. मीटर लावून दाखवलं. चारी मशिनं चालू झाली. आठ दिवसांनी मुजीबने खिशातून हरवलेली टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला ती चकचकीत वाटली म्हणून त्याने नेली होती, भाच्याला खेळायला. शिवादादा चिडला नाही. त्याने घरी केलेली टोपीच जागेवर ठेवली आणि विकतची डब्यात टाकली.

मुजीबचं त्याच गल्लीत बॅटरीचं दुकान होतं. वीज गेली की आमच्या खोलीत त्याच्याच बॅटऱ्यांवर मशिनं चालायची. तिसरा संतोष, आम्ही त्याला संत्या म्हणायचो, धारूरचा, माझ्याच वर्गातला. आणि मी. आम्ही तिघं आणि शिवादादा, असा दर रविवारी दुपारी गेम व्हायचा. चार शिपाई, एक पडका किल्ला, दिसेल त्याला गोळी घालायची. संत्याला किल्ला बघूनच जोर चढायचा. "आमच्याकडं खरा हाय बे, मला नका शिकवू बुरूज."

एका रविवारी अप्पा दारात येऊन बराच वेळ उभे राहिले. मुजीब "मेरेकू मारा कौन, मेरेकू मारा कौन" म्हणून ओरडत होता.

"शिवा," अप्पा म्हणाले, "ही चौघं एकाच खोलीत बसून तारेतून कावून भांडतेत?"

"तपासणी हाय अप्पा."

ते खोटं नव्हतं. शिवादादाचं म्हणणं असं की फाईल पाठवून केबल कळत नाही. फाईल वाटेत अडली तर परत निघते, आपल्याला पत्ताही लागत नाही. गेम थांबला की चौघांना एकदम दिसतं. त्यामुळे सुरुवातीला काही अडलं की तो खेळता खेळता मध्येच उठायचा आणि भिंतीवर खडूने लिहायचा: कोण, कितव्या मिनिटाला, काय दिसलं. नंतर मात्र दोन महिने त्या भिंतीवर काहीच लिहायची वेळ आली नव्हती.

कार्तिकी पौर्णिमेला हालगे मंडळी कपिलधारच्या यात्रेला गेली. दुकान दोन दिवस बंद. शिवादादाने वरची किल्ली मला दिली. बीडमध्ये मला कुणी किल्ली दिली होती ती तेवढी एकदाच.

चौथ्या मशिनच्या पडद्यावर दुपारी खिडकीचं ऊन पडायचं, काही दिसायचं नाही. शिवादादा आला की खूश होईल म्हणून मी ते टेबल एकट्याने ओढून भिंतीकडे नेलं. ओढताना तिसऱ्या आणि चौथ्या मशिनमधली केबल ताणली गेली आणि कनेक्टरमधून निसटून फाटली. शिवाय टेबल लांब गेल्यामुळे ती आता पुरतही नव्हती. मी बसस्टँडजवळच्या टीव्हीची केबल विकणाऱ्या दुकानातून तशीच काळी केबल आणली. कनेक्टर लावायला शिवादादाने शिकवलं होतं. दोन्ही टोकं बसवली, भिंतीच्या कडेने खिळे मारले, मशिनं चालू केली. एकमेकांना दिसत होती. फाटका तुकडा मी पिशवीत घालून माझ्या राहत्या खोलीवर नेला.

शिवादादा यात्रेहून आला, प्रसाद दिला, टेबल बघितलं. "हे बेस केलंस," म्हणाला. मी केबलचं सांगणार होतो. प्रसाद तोंडात होता. मग संत्या आला. मग राहून गेलं.

त्या रविवारी गेम थांबला.

पहिल्यांदा मुजीबचा शिपाई एका जागी गोठला. मग माझा. मग सगळे. शिवादादा उठला आणि खडू घेतला. "एकेक जण बोला. काय दिसलं?" त्याच्या आवाजात कसलीच काळजी नव्हती. उलट बरं वाटल्यासारखं होतं.

तो केबल मधूनच तोडायचा आणि तिथं टोपी लावून आधी एक अर्धा चालवायचा, मग दुसरा. बिघाड ज्या अर्ध्यात, त्याचे पुन्हा दोन भाग. त्याची ती पद्धत चुकलेली मी पाहिली नव्हती. पण ह्या वेळी दोन्ही अर्धे चालले. तीन मशिनंही चालली. चौथं जोडून चौघं एकदम खेळायला लागलो की पाच-दहा मिनिटांत थांबायचं, कधी तासाभराने थांबायचं. त्याने मीटर लावला. दोन्ही टोकांचे पन्नास मिळून पंचवीस दाखवायला हवेत. पंचवीसच दाखवले.

दुसऱ्या रविवारी त्याने चौथ्या मशिनचं कार्ड बदललं. तिसऱ्या रविवारी सगळे कनेक्टर पुसले. संस्थेचे लोक संक्रांतीनंतर येणार होते. त्या तिसऱ्या रविवारीच तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने आम्हाला विचारलं.

"मी नसताना केबलला कुणी हात लावलावता का?"

संत्या म्हणाला, "न्हाई."

मुजीब म्हणाला, "अल्ला कसम, ती टोपी नेल्यापासून मी इथली टाचणी पन उचलली न्हाई."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही."

"बरं," तो म्हणाला. "म्हंजी केबल सोडा. बिघाड मशिनात हाय."

मी खोटं का बोललो, याचं कारण मी बऱ्याचदा शोधलं. टीव्हीच्या केबलने असं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती मी घातली एवढं मला माहीत होतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मी स्वतःला सांगत होतो. आणि त्या खोलीतून मला कुणी उठवलं असतं तर बीडमध्ये मला बसायला दुसरी जागा नव्हती. पण ही कारणं मी नंतर गोळा केलेली आहेत. बोलताना मनात काहीच नव्हतं. तोंडातून 'नाही' निघालं, आणि तो पुढच्या कामाला लागला.

त्यानंतर तो केबलकडे वळलाच नाही. आम्ही सांगितलेलं त्याने धरलं. चारी कॅबिनेट उघडी पडली. तो खिडकीच्या गजाला हात लावायचा, कार्ड काढायचा, बसवायचा, परत काढायचा. भिंतीवर खडूच्या ओळी दारापर्यंत आल्या. पुस्तकं आणून वाचायला लागला. एकदा मला म्हणाला, "दत्त्या, औरंगाबादला आमाला शिकिवलं ते कुठंतरी कमी पडलं असंल का रे?"

मी म्हणालो, "तसं नसेल."

संस्थेचे दोघं आले तेव्हा आम्ही तिघं स्वच्छ शर्ट घालून विद्यार्थी म्हणून बसलो होतो. अप्पांनी खालून दूध जास्त घातलेला चहा पाठवला. सुरुवातीला सगळं चाललं. एकाने पहिल्या मशिनवर काहीतरी टाईप केलं, दुसऱ्याने ते चौथ्यावर उघडलं. शिवादादा त्यांच्या मागे हात बांधून उभा होता. मग ते म्हणाले, आता चारी मशिनं एकदम चालवा. आम्ही चालवली. सातव्या मिनिटाला माझ्यासमोरचा पडदा थांबला. मी मान वळवली नाही. मला वाटलं, मी हललो नाही तर कुणाला कळणार नाही.

"हे काय झालं?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

शिवादादा चौथ्या मशिनकडे वाकला. "बघतो," एवढंच म्हणाला.

"कळवतो," ते म्हणाले. पत्र पंधरा दिवसांनी आलं. शिवादादाने ते वाचून अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि गल्ल्यात ठेवलं. त्या दिवशी ते दुकानात झोपले नाहीत.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी मी वर गेलो. मशिनं अंबाजोगाईच्या एका शाळेने घेतली होती, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. शिवादादा एकटाच भिंतीच्या कडेचे खिळे उपटून केबल सोडवत होता. सोडवलेली केबल तो कोपर आणि अंगठा यांच्यात गुंडाळत होता. मीही खिळे काढायला लागलो. चौथ्या मशिनपाशी त्याचा हात थांबला. त्याने तो तुकडा बोटांत दाबला, वाकवला. मग खिडकीपाशी उजेडात धरला.

"ह्यावर पंच्याहत्तर ओहम छापलंय," तो म्हणाला. "आपली पन्नासची."

मी हातातला खिळा खिशात टाकला.

त्याने टोक कापलं. आतली जाळी तांब्याची नव्हती, पांढरी होती.

"मी टाकली," मी म्हणालो.

"टोक बघूनच कळलं. वरचं साल तू लई सोलतोस. दोनदा सांगितलंवतं." तो त्या टोकाकडेच बघत होता. "कवा?"

"तुम्ही कपिलधारला गेलतात तेव्हा."

"हां."

खाली अप्पा कुणाला तरी गूळ कसा आहे ते सांगत होते. 

"पन्नासला पंच्याहत्तर जोडली की तिथनंबी विहिरीसारखा आवाज परत येतो. मीटरला हे दिसतच न्हाई बघ," तो म्हणाला. "मीटर बरोबर सांगायचा. मला वाटलं, मलाच येत न्हाई."

मी 'चुकलं' असं म्हणालो की नाही, मला आठवत नाही. बहुधा म्हणालो नसेन.  त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसंही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

त्याने गुंडाळलेली केबल परत सोडली. बंडलातला शिल्लक तुकडा मापाने कापला, दोन्ही टोकं स्वतः बसवली, तिसऱ्या आणि चौथ्याला जोडली. मग खिडकीतून खाली हाक मारली, "मुजीब! त्या संत्याला घेऊन ये." त्यांना त्याने काहीच सांगितलं नाही. बिघाड सापडला, एवढंच म्हणाला.

"काय व्हता?" संत्याने विचारलं.

"एक तुकडा बदलायचा व्हता. बसा."

आम्ही चौघं बसलो. पहिला अर्धा तास मी पडदा थांबायची वाट बघत होतो. थांबला नाही. मुजीब नेहमीसारखा ओरडायला लागला. संत्याने बुरुजावरून मला दोनदा मारलं. शिवादादा शांतपणे खेळत होता, आणि त्या दिवशी तो चांगला खेळला. तो इतका चांगला खेळतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एरवी तो निम्मा वेळ खडू हातात घेऊन उभाच असायचा.

चारच्या सुमारास खाली टेम्पोचा आवाज आला. "शिवा!" अप्पांनी हाक मारली. "माल आलाय. हमाल एकच हाय."

तो उठला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. "चालू द्या तुमचं," म्हणाला आणि जिना उतरला.

त्याचा शिपाई पुलाच्या तोंडाशी तसाच उभा राहिला, बंदूक समोर धरून. मुजीब त्याच्यापुढे जाऊन थांबला.

"मारू का याला?"

"नको बे," संत्या म्हणाला. "माणूस न्हाई तिथं."

मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोच्या फळीशी शिवादादा पाठ वाकवून उभा होता आणि हमाल त्याच्या पाठीवर पोतं सरकवत होता. पोतं पाठीवर बसल्यावर त्याने एकदा अंदाज घेतला, दोन पावलं अडखळला आणि दुकानात गेला. मग रिकामा बाहेर आला आणि पुन्हा वाकला. त्याने वर पाहिलं नाही.

मी येऊन परत जागेवर बसलो. आम्ही तिघं सहा वाजेपर्यंत खेळलो. पुलाच्या बाजूला कुणी गेलं नाही. गेम एकदाही थांबला नाही.